कोंबडीची ऊब आणि यंत्राची ऊब

कोंबडी अंड्यांवर बसते आणि २१ दिवसांनीं पिलें बाहेर पडतात, ही गोष्ट ज्यांचें बालपण खेड्यांत गेलें त्यांना नवी नाहीं. अंडीं घालण्याचें थांबवून, पिसें फुलवून, कोणी जवळ गेल्यास कुरकुरत एखादी कोंबडी कोपऱ्यांत बसून राहूं लागली, कीं घरांतील वडीलधारी बाई म्हणे, "ही खुडूक झाली." मग एका पाटींत पेंढा घालून, त्यावर साठविलेलीं दहाबारा अंडीं मांडून, अंधार पडल्यावर तिला त्यांवर बसवावयाचें, वर डालगें झांकावयाचें, आणि पुढील तीन आठवडे तिच्या दाण्यापाण्याकडे लक्ष ठेवावयाचें, एवढेंच तें काम. त्याला कोणी विद्या म्हणत नसे. परंतु हेंच काम कोंबडीवांचून करावें असें जेव्हां मनुष्याच्या मनांत आलें, तेव्हां त्यांत किती विद्या भरली आहे हें त्याला कळूं लागलें. आणि तें पुरतेपणीं कळण्यास दोन हजारांहून अधिक वर्षें लागलीं. त्या दीर्घ खटपटीची हकीकत आज आपणांपुढें मांडावयाची आहे.

इसवी सनापूर्वीं चौथ्या शतकांत ग्रीक पंडित आरिस्टॉटल ह्यानें आपल्या प्राणिविषयक ग्रंथांत लिहून ठेविलें आहे कीं, ईजिप्त देशांत अंडीं उकिरड्याच्या उबेंत पुरून उबवितात. त्याच ठिकाणीं त्यानें एक मौजेची गोष्ट सांगितली आहे. सिराक्यूज नगरींतील एका मद्यपि गृहस्थानें आपल्या चटईखालीं अंडीं ठेविलीं, आणि तीं फुटून पिलें बाहेर पडेपर्यंत तो पीत बसला! गोष्ट खरी असो वा नसो, अंड्याला कोंबडीच हवी असें नाहीं, त्याला ऊब हवी, एवढें त्या काळच्या लोकांच्या ध्यानांत आलें होतें असें तीवरून दिसतें. पुढें रोममध्यें लिव्हिया ही राणी गरोदर असतां, आपणांस मुलगा होणार कीं मुलगी हें पाहण्याकरितां तिनें एक अंडें आपल्या उराशीं बाळगलें. स्वतःला ठेवून द्यावें लागे तेव्हां ती तें दाईच्या उराशीं देई, म्हणजे ऊब खंडित होऊं नये. त्यांतून कोंबडा निघाला आणि पुढें तिला मुलगा झाला, तोच टायबेरियस बादशहा. प्लिनीनें दिलेल्या ह्या हकीकतींत शकुनापेक्षां महत्त्वाचा शब्द आहे तो "खंडित होऊं नये" हा. पुढील सर्व खटपट ह्याच एका गोष्टीसाठीं चाललेली आपणांस दिसेल.

ही अखंड ऊब मोठ्या प्रमाणावर राखण्याची कला प्रथम साधली ती ईजिप्तच्या लोकांस. तेथील उबवण्या म्हणजे कच्च्या विटांच्या इमारती. मध्यें एक अरुंद बोळ आणि दोहों बाजूंस ओळीनें दुमजली कोठड्या. खालच्या कोठडींत अंडीं मांडावयाचीं, वरच्या कोठडींत शेणाच्या गोवऱ्या व भूस ह्यांचा मंद विस्तव ठेवावयाचा, आणि मधल्या भोंकांतून ऊब खालीं उतरवावयाची. धूर व जादा उष्णता निघून जाण्यासाठीं वर झरोके असत. ते उघडणें व मिटणें हेंच काय तें नियमन. सुमारें दहा दिवसांनंतर विस्तव बंद करीत व कांहीं अंडीं वरच्या कोठडींत हलवीत, कारण वाढत्या गर्भाला स्वतःचीच ऊब येऊं लागते आणि मग शेंकडों अंडीं एकमेकांस ऊब देतात. चीनमधील बदकें पाळणाऱ्यांनींहि हेंच मर्म हेरलें होतें. ऊन केलेल्या भाताबरोबर टोपल्यांत अंडीं भरून ते जुन्या अंड्यांच्या उबेवर नवीं अंडीं वाढवीत.

ईजिप्तमध्यें ही कला नाईल नदीच्या त्रिभुज प्रदेशांतील बर्मा नांवाच्या गांवच्या लोकांकडे असे. बाप ती मुलाला शिकवी, बाहेरच्यास सांगत नसे. त्यांच्याजवळ उष्णता मोजण्याचें कसलेंहि साधन नव्हतें. विस्तव जास्त झाला कीं कमी, हें ते अंडें डोळ्याच्या पापणीला लावून ओळखीत. शरीराच्या उष्णतेहून किंचित् अधिक ऊब असावी. त्यांत अंशाअर्ध्या अंशाचा फरक पडला तर त्या नाजुक कातड्याला तो जाणवतो. १८३६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एडवर्ड लेन ह्याच्या ग्रंथांत असें सांगितलें आहे कीं, शेतकरी आपलीं अंडीं उबवणींत आणून देई, आणि उबवणीवाला अंडीं पारखून घेऊन बहुधा दोन अंड्यांमागें एक पिलूं त्याला परत करी. आपल्याकडील बलुत्याची आठवण व्हावी असाच हा व्यवहार होता. १८३१ च्या सुमारास खालच्या ईजिप्तमध्यें अशा १०५ व वरच्या ईजिप्तमध्यें ५९ उबवण्या असल्याची नोंद त्यानें केली आहे. ही कला अगदीं लयास गेली असेंहि नाहीं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेनें २००९ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींतहि ईजिप्तमधील परंपरागत उबवण्यांचें वर्णन आहे.

ह्या उबवण्यांच्या वार्ता प्रवाशांनीं युरोपांत नेल्या. पण बर्मा गांवचें रहस्य कसें उकलावें? फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर ह्याच्या मतें तें उकलण्याची किल्ली म्हणजे उष्णतामापक यंत्र. त्यानें स्वतःच एक तसें यंत्र तयार केलें होतें, आणि १७४९ सालीं त्यानें अंडीं उबविण्याच्या कलेवर दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. बर्माचा माणूस पापणीवर जें जोखतो तें आपण कांचेच्या नळीवर वाचूं शकतों. मग त्या माणसास बोलावण्याची गरज काय, असा त्याचा युक्तिवाद. विचार सयुक्तिक होता. परंतु अनुभव त्याला नवे नवे धडे देत गेला. घोड्याच्या लिदीच्या ढिगांत ऊब होती, पण लिदीची वाफ अंड्यांपर्यंत पोंचली कीं आंतील गर्भ मरत. म्हणून त्यानें लिदींत पिंपें पुरून त्यांत अंडीं ठेविलीं. पाव भाजण्याच्या भट्टीच्या उबेचाहि त्यानें उपयोग केला. उष्णता मोजतां आली, तरी ती रात्रंदिवस राखण्यास माणसाला जागत बसावेंच लागे. कोंबडीला मात्र कोणी जागवावें लागत नव्हतें.

तेव्हां प्रश्न असा उभा राहिला कीं, विस्तवानेंच आपला विस्तव आवरावा असें कांहीं करतां येईल काय? ह्याचें उत्तर रेओम्यूरच्या शंभरएक वर्षें आधींच एका डच कारागिरानें शोधून ठेविलें होतें. कॉर्नेलिस ड्रेबेल हें त्याचें नांव. त्यानें आपल्या उबवणी यंत्रांत मद्यार्क व पारा भरलेली एक नळी बसविली. उष्णता वाढली कीं मद्यार्क फुगून पारा सरके, पाऱ्याबरोबर एक दांडा हले, आणि विस्तवाला वारा देणारें झांकण लागे. उष्णता उतरली कीं तें पुन्हां उघडे. १७७७ सालीं बॉनमँ ह्या फ्रेंच गृहस्थानें दोन धातू उष्णतेनें कमीअधिक प्रसरण पावतात ह्या तत्त्वाचा उपयोग करून ऊन पाण्याच्या नळ्यांवर चालणारें यंत्र रचलें. १८८१ सालीं इंग्लंडांत चार्ल्स हिअरसन ह्यानें पातळ पत्र्याच्या एका चपट्या डबींत लौकर उकळणारें द्रव्य भरलें. ठराविक उष्णतेला डबी फुगे, तरफ उचले, आणि दिव्याच्या धुरांड्यावरील झांकण हलवून ऊब बाहेर सोडून देई. त्यामुळें रॉकेलच्या एका दिव्यावर चालणारी पेटी सामान्य गृहस्थाला घरीं ठेवतां येऊं लागली. आज शीतकपाटांत काय किंवा विजेच्या इस्त्रींत काय, जो थर्मोस्टॅट आपणांस ठाऊक आहे, त्याचा आद्य पूर्वज कोंबडीच्या पिलांसाठीं जन्मास आला, हें ऐकून पुष्कळांस आश्चर्य वाटेल.

परंतु ऊब साधली म्हणजे सर्व साधलें असें झालें नाहीं. पेटींत अंडीं एका कुशीवर तशींच पडून राहिलीं तर गर्भ कवचाच्या आंतील पापुद्र्याला चिकटून मरे. कोंबडी दिवसांतून कित्येक वेळां चोंचीनें अंडीं उलटीपालटी करते, ती चाळा म्हणून नव्हे, हें तेव्हां उमगलें. अंड्याच्या कवचाला हजारों सूक्ष्म छिद्रें असतात. त्यांतून गर्भ श्वास घेतो आणि पाण्याचा अंशहि उडून जातो. तीन आठवड्यांत अंड्याचें वजन शेंकडा बारातेरा इतकें घटावयास हवें. हवा कोरडी असली तर तें फार घटतें, दमट असली तर पुरेसें घटत नाहीं. म्हणून पंख्याच्या यंत्रांत ३७.५ अंश सेंटिग्रेड म्हणजे ९९.५ अंश फॅरनहाइट उष्णता, पहिले १८ दिवस शेंकडा ५० ते ५५ आर्द्रता व रोज अनेक वेळां अंडीं फिरविणें, आणि शेवटच्या तीन दिवसांत फिरविणें बंद करून आर्द्रता शेंकडा ६५ ते ७० पर्यंत वाढविणें, असा आज पाठ ठरून गेला आहे. कोंबडी हा पाठ न शिकतां म्हणते. आम्हांला मात्र तो हजारों मेलेल्या गर्भांच्या मोबदल्यांत मिळाला.

ह्या पाठाचा एक लाभ मात्र असा झाला कीं, त्याचें मोल पैशांत करतां येणार नाहीं. १८७८ सालीं पॅरिस येथील एका प्राणिउद्यानांत स्टेफान टार्निए नांवाचे प्रसूतितज्ज्ञ फिरत असतां त्यांनीं पिलें उबविण्याचीं यंत्रें पाहिलीं. अपुऱ्या दिवसांचीं मुलें थंडीनें दगावतात, हें दुःख ते आपल्या रुग्णालयांत नित्य पाहात होते. त्यांनीं त्या यंत्रांच्याच धर्तीवर मुलांसाठीं पेटी तयार करविली, आणि १८८० च्या सुमारास ती प्रसूतिगृहांत बसविली. दोन किलोग्रॅमहून कमी वजनाच्या मुलांपैकीं पूर्वीं शेंकडा ६६ दगावत असत. तें प्रमाण शेंकडा ३८ वर आलें. आज जिल्ह्याच्या रुग्णालयांतील कांचेच्या पेटींत निजलेलें मूल जिच्या आधारानें वांचतें, ती ऊब अशी कोंबडीच्या पंखाखालून आलेली आहे.

यंत्राच्या पुढील इतिहासाला मात्र दुसरीहि एक बाजू आहे. अमेरिकेंत कॅलिफोर्नियांतील पेटालुमा गांवीं १८७९ सालीं लायमन बाइस व आयझॅक डायस ह्यांनीं आपलें यंत्र सिद्ध केलें, आणि त्या गांवाचें नांव अंड्यांच्या व्यापारांत जगभर गाजलें. पुढें १९१८ च्या सुमारास पंख्यानें हवा खेळविणारीं प्रचंड यंत्रें आलीं. निघालेल्या पिलाच्या पोटांत अंड्याचा बलक शोषलेला असतो व त्यावर तें सुमारें दोन दिवस अन्नावांचून राहूं शकतें. त्यामुळें पिलें खोक्यांत भरून दूरवर धाडतां येऊं लागलीं. पिलें उबविणें हा घरचा उद्योग न राहतां कारखान्याचा झाला. मग व्यापारी कोंबडीपालक विचारूं लागला कीं, खुडूक होणारी कोंबडी मला हवी कशाला? ती खुडूक होते तेव्हां तिचीं अंडीं बंद होतात. म्हणून पिढ्यान् पिढ्या न खुडणाऱ्या कोंबड्याच निवडून वाढविल्या गेल्या. १९३५ सालीं ऑस्कर रिडल व त्यांचे सहकारी ह्यांनीं दाखवून दिलें कीं, खुडूकपणा हा प्रोलॅक्टिन नांवाच्या शरीरांतील स्रावामुळें येतो. पण हें शास्त्र कळण्यापूर्वींच लेगहॉर्नसारख्या जातींतून तो बव्हंशीं नाहींसा झाला होता.

ह्याचा परिणाम आपल्या परसापर्यंत येऊन पोंचला आहे. आपली गांवठी कोंबडी वर्षाकाठीं फार तर साठसत्तर अंडीं देते, आणि पिंजऱ्यांतील कोंबडी तीनशेंच्या घरांत देते. तेव्हां नव्या कोंबडीचा गुण कोणीहि नाकारणार नाहीं. ती आल्यामुळेंच अंडें गरिबाच्या ताटांत येऊं शकलें. परसांत पाळण्यासाठीं हैदराबाद येथील संशोधकांनीं सिद्ध केलेली वनराजा ही जातहि पुष्कळ घरांना उपकारक ठरली आहे. मात्र ही कोंबडी बहुधा खुडूक होत नाहीं. म्हणजे जिच्या घरीं पूर्वीं एका कोंबडीची दहा होत, त्या बाईला आतां प्रत्येक खेपेस पिलें विकत आणावीं लागतात. अंडीं वाढलीं, पण वंश वाढविण्याची किल्ली तिच्या हातांतून गेली. हा तोटा अंड्यांच्या हिशेबांत दिसत नाहीं, म्हणून त्याची वाच्यता होत नाहीं.

ह्यावर उपाय म्हणून यंत्र टाकून द्यावें असें मी म्हणत नाहीं. थर्माकोलच्या पेटींत एक दिवा, एक छोटा पंखा व एक थर्मोस्टॅट बसवून घरींच पिलें काढणारे हौशी लोक आतां खेडोपाडीं आढळतात, आणि त्यांतील जाणते एक युक्ति करतात. ज्या दिवशीं अंडीं यंत्रांत ठेवावयाचीं, त्याच दिवशीं घरांतील गांवठी खुडूक कोंबडीखालींहि थोडीं ठेवावयाचीं. एकविसाव्या दिवशीं दोहोंकडे पिलें निघतात. रात्रीं अंधारांत यंत्रांतील पिलें हळूच तिच्या पंखाखालीं सारलीं, कीं बहुधा सकाळीं ती सर्वांना घेऊन अंगणांत उतरते. पावसाळ्याच्या रात्रीं वीज गेली तर यंत्र थंड पडतें, पण ती जागची हलत नाहीं. शिवाय पेटीला एक गोष्ट साधत नाहीं. पिलूं बाहेर पडण्याच्या एकदोन दिवस आधींपासून कवचाच्या आंतूनच चिंव चिंव करूं लागतें, आणि कोंबडी त्याला हळू आवाजांत उत्तर देते.

तेव्हां ज्यांच्या परसाला जागा आहे त्यांना माझी एवढीच विनंति आहे. पुष्कळ अंडीं देणारी नवी कोंबडी अवश्य पाळा, यंत्रहि अवश्य ठेवा. परंतु कोपऱ्यांतील कुरकुरणारी ती एक गांवठी कोंबडी विकून टाकूं नका. ज्या विद्येची नक्कल करण्यास मनुष्याला दोन हजार वर्षें लागलीं, तिचें मूळ तिच्यापाशीं आहे.