जाळीत अडकलेला कचरा

रॉकेट म्हटलं की आपल्याला धूर, जाळ आणि कानठळ्या आठवतात. आयन इंजिन त्यातलं नव्हे. १९५९ च्या सुमारास नासाच्या क्लीव्हलंडमधल्या लुईस केंद्रात हॅरॉल्ड कॉफमन यांनी पाऱ्याच्या वाफेवर चालणारं एक इंजिन बनवलं. अणूंवर इलेक्ट्रॉन आदळवून त्यांचे आयन करायचे आणि पाठोपाठ बसवलेल्या दोन भोकाभोकांच्या जाळ्यांना जबरी व्होल्टेज देऊन ते बाहेर फेकायचे. झालं इंजिन! जोर अगदी नगण्य, पण इंधनही चिमूटभरच लागतं. म्हणजे ते महिनोन्‌महिने चाललं तरच उपयोग.

आणि खरी गोची तिथेच आहे. जाळ्यांमधलं अंतर मिलिमीटरहूनही कमी, त्यात काही आयन उलटे फिरून जाळीच कुरतडतात. जुलै १९६४ मध्ये सर्ट-१ वर कॉफमनचं इंजिन ३१ मिनिटं चाललं, सगळे खूश. फेब्रुवारी १९७० मध्ये सर्ट-२ सहा महिने चालवायच्या इराद्याने गेलं. पहिलं इंजिन पाच महिन्यांत गेलं, मग चालू केलेलं दुसरं तीन महिन्यांत. दुखणं एकच: झिजलेल्या जाळीचा कपचा मधे अडकून शॉर्ट!

पुढे विषारी पाऱ्याच्या जागी झेनॉन वायू आला, पण जाळ्या त्याच. ऑक्टोबर १९९८ मध्ये डीप स्पेस १ निघालं. इंजिनाचा जोर तळहातावरच्या कागदाच्या वजनाएवढा. १० नोव्हेंबरला ते चालू केलं आणि साडेचार मिनिटांत बंद! संशय पुन्हा जाळीतल्या कचऱ्यावर. तिथे माणूस कुठून पाठवणार? मग यान उन्हात-सावलीत फिरवून जाळ्या तापवल्या, गार केल्या, की कचरा सुटावा. २४ नोव्हेंबरला इंजिन सुरू झालं. (प्रॉडक्शनमध्ये 'रिस्टार्ट मारून बघ' म्हणणाऱ्यांना उगाच हसू नका.) डिसेंबर २००१ पर्यंत ते एकूण १६,००० तासांवर चाललं.

मला जास्त भावतं ते मात्र त्याचं जुळं भावंड. ते कुठेच गेलं नाही. कॅलिफोर्नियात जेपीएलच्या निर्वात टाकीत १९९८ ते २००३ ते नुसतं चालवत ठेवलं. अपेक्षा ८,००० तासांची, चाललं ३०,३५२. तेही बंद पडलं नाही, आत काय काय झिजलंय ते बघायला मुद्दाम थांबवलं. कंटाळवाणं काम, पण टेस्टिंग याला म्हणतात राव!

त्याच जातीची तीन इंजिनं, प्रत्येकी जेमतेम ९ किलोची, २००७ मध्ये डॉन यानावर गेली. त्यांच्या जोरावर डॉन आधी वेस्टा आणि मग सेरेस, अशा दोन खगोलांच्या कक्षेत शिरलं. २०१८ मध्ये मोहीम संपली ती यान वळवायला लागणारं साधं हायड्राझिन संपलं म्हणून.