वस्तीची मोजणी आणि वस्तीचा संडास

मुंबईच्या इतिहासात 'सुधारणा' या शब्दाचा सरकारी अर्थ दीर्घकाळ 'पाडकाम' असाच राहिला. 1896 मध्ये प्लेगची साथ आल्यानंतर 1898 मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने रुंद रस्ते आखले, दाट वस्तीतल्या चाळी जमीनदोस्त केल्या आणि काही नव्या चाळी बांधल्याही. परंतु जितक्या लोकांची घरे गेली तितक्यांना घरे मिळाली नाहीत, आणि ज्यांची गेली त्यांना कोणी विचारले, असा प्रसंग त्या कारभारात क्वचितच आढळतो. याच काळात शहराचा मैला टोपलीच्या संडासांतून, म्हणजे घरामागच्या अरुंद गल्लीतून काढून न्यायच्या टोपल्यांच्या संडासांतून, महापालिकेच्या हलालखोर खात्यामार्फत वाहून नेला जात असे. त्यासाठी मालमत्तेवर हलालखोर कर बसे आणि काम मात्र ठरावीक जातींच्या वाट्याला येई. या व्यवस्थेत वस्तीतला माणूस एकतर अडथळा होता किंवा नोकर. त्याचे मत घ्यावे, अशी कल्पनाच नव्हती.

ही कल्पना, जिला आज लोकसहभाग म्हणतात, म्हणजे रहिवाशांनी आपल्या वस्तीच्या सुधारणेचा निर्णय, आराखडा आणि देखभाल यांत वाटा घेणे, ती सरकारी परिपत्रकातून वस्तीत उतरली, असा एक समज आहे. मुंबई-पुण्याचा अनुभव निराळा आहे. येथे सहभागाची सुरुवात मोजणीपासून झाली, आणि मोजणी कोणी करायची या वादातूनच पुढचे सारे घडत गेले.

1971 मध्ये महाराष्ट्र झोपडपट्टी क्षेत्र (सुधारणा, निर्मूलन व पुनर्विकास) अधिनियम झाला. त्याच्या नावातच सुधारणा आणि निर्मूलन शेजारी-शेजारी बसवलेले आहेत, आणि प्रत्यक्षात कोणता शब्द लागू होईल हे बहुधा जमिनीच्या मालकावर ठरत असे. जानेवारी 1976 मध्ये राज्य सरकारने मुंबईतील झोपड्यांची एका दिवसात गणना केली. सुमारे 28 लाख लोक नोंदवले गेले आणि कुटुंबांना फोटोपास, म्हणजे कुटुंबप्रमुखाच्या छायाचित्रासह झोपडीची नोंद असलेले ओळखपत्र, देण्यात आले. कागदाचा हा तुकडा पुढे पेटीच्या तळाशी, रेशनकार्डासोबत जपून ठेवला जाऊ लागला, कारण पाडकाम आले की तोच दाखवायचा असे. तरीही त्याच वर्षीच्या मे महिन्यात, आणीबाणीच्या काळात, भाभा अणुसंशोधन केंद्रालगतची जनता कॉलनी उठवण्यात आली आणि सुमारे 70 हजार लोकांना चीता कॅम्प येथे हलवण्यात आले. जनता कॉलनीच्या लढ्यातून पुढे आलेले जोकिन अर्पुथम यांनी साठच्या दशकात वस्तीतल्या पोरांकडून साचलेला कचरा गोळा करवून थेट पालिकेच्या कार्यालयासमोर नेऊन टाकला होता. कचरा उचलला जात नाही, या अर्जाला उत्तर मिळत नसेल तर अर्जाचा विषयच दारात नेऊन ठेवावा, असा तो साधा हिशेब होता. पुढे त्यांनी राष्ट्रीय झोपडपट्टीवासी महासंघ उभा केला.

1976 च्या गणनेत एक मोठा गट सुटला होता, तो फुटपाथवर राहणाऱ्यांचा. 1981 मध्ये त्यांना हुसकावून लावण्याचा निर्णय झाला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जुलै 1985 मध्ये ऑल्गा टेलिस खटल्याचा निकाल लागला. उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कातच येतो, असे न्यायालयाने मान्य केले. तथापि पावसाळा सरल्यानंतर पदपथ मोकळे करण्यास महापालिकेला मुभाही दिली. तत्त्व जिंकले आणि घर गेले, असा हा विचित्र निकाल होता. त्याच सुमारास, वर्षभरापूर्वी स्थापन झालेल्या स्पार्क या संस्थेने भायखळा परिसरात फुटपाथवरील सुमारे सहा हजार कुटुंबांची पाहणी केली. हे लोक कालपरवा आलेले नसून कित्येक वर्षे तेथेच राहतात, आणि कामावर चालत जाता यावे म्हणूनच तेथे राहतात, हे त्या पाहणीने आकड्यांत मांडले. 'ते आहेतच कुठे?' असे म्हणण्याची सोय सरकारकडे उरली नाही.

पाहणीतून जवळ आलेल्या बायकांनी 1986 मध्ये महिला मिलन हा गट उभा केला. रोज रुपया-दोन रुपये बाजूला टाकून बचत, गल्लीगल्लीतून ती गोळा करणे, आणि त्याच फेरीत कोणाच्या घरी काय अडले आहे याची विचारपूस, असे त्याचे काम चाले. घर कसे हवे, या चर्चेत या बायकांनी साडीच्या लांबीने जागा मोजली आणि लाकूड-कापडाचे पूर्ण आकाराचे नमुने उभे करून त्यांचे प्रदर्शन भरवले. चौदा फूट उंचीचे घर आणि आत पोटमाळा, ही त्यांची मागणी त्या प्रदर्शनात सर्वांना डोळ्यांनी दिसली. ज्यांना नकाशा वाचता येत नव्हता त्यांनी नकाशाची गरजच उरू दिली नाही. याच रीतीने संडासांचेही नमुने मांडले जाऊ लागले आणि त्या सोहळ्यांना सरळसरळ 'संडास मेळा' म्हटले जाई; ज्या विषयावर बोलताना अधिकारी रुमाल नाकाशी धरत, त्याच विषयावर त्यांच्याच हस्ते नारळ फुटू लागला.

पुण्यात या अनुभवाला मोठे क्षेत्र मिळाले. 1999 मध्ये महापालिका आयुक्त रत्नाकर गायकवाड यांनी वस्त्यांतील शौचालये बांधण्यासाठी व चालवण्यासाठी स्वयंसेवी संस्थांकडून प्रस्ताव मागवले. बांधकामाचा खर्च पालिकेचा, आखणी, बांधणी आणि देखभाल संस्था व वस्तीची, असा करार होता. दोन वर्षांत चारशेहून अधिक शौचालये उभी राहिली. त्यांपैकी 114 स्पार्क, महासंघ आणि महिला मिलन यांनी बांधली. काही ठिकाणी वस्तीतल्या बायकांनीच कंत्राट घेतले, सिमेंटच्या गोण्या मोजून उतरवून घेतल्या आणि गवंड्यांशी मजुरीचा वाद घातला.

आखणीतला फरक बारीक आहे, पण विषय तिथेच आहे. पालिकेच्या जुन्या संडासात एकच रांग, तुटकी दारे आणि पाण्यासाठी हातातले टमरेल एवढाच सरंजाम होता. सकाळी मोठी माणसे लहानग्यांना रांगेतून मागे ढकलत, म्हणून मुले उघड्या गटारावर बसत. नव्या रचनेत बायकांच्या आणि पुरुषांच्या रांगा वेगळ्या निघाल्या, मोठी टाकी आली आणि मुलांसाठी छोटे, उथळ, पकडायला दांडी असलेले संडास केले गेले. दर वापराला एक रुपया मोजायचा तर पाच जणांच्या कुटुंबाला, प्रत्येकी दिवसातून एकदा जायचे म्हटले तरी, महिन्याला दीडशे रुपये पडत. येथे साऱ्या कुटुंबाचा मासिक पास वीस रुपयांचा होता. जून 2001 मध्ये न्यूयॉर्क येथे संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात अशा संडासाचा व घराचा नमुना उभा करण्यात आला तेव्हा महासचिव कोफी अन्नान यांनी तो पाहिला.

मुंबईत जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेल्या सांडपाणी प्रकल्पात झोपडपट्टी स्वच्छता कार्यक्रम राबवला गेला. येथे वस्तीने आधी संस्था नोंदवायची, सभासदांकडून वर्गणी गोळा करायची, मग बांधकाम, असा क्रम होता. 2001 च्या जनगणनेनुसार निम्म्याहून अधिक मुंबई झोपडपट्टीत राहत असताना या कामाची गती अपुरीच होती. शिवाय जमीन कोणाची, या प्रश्नावर कित्येक प्रस्ताव अडले. रेल्वे, जिल्हाधिकारी, म्हाडा यांचे ना-हरकत पत्र मिळेपर्यंत गोळा केलेली वर्गणी तशीच पडून राही. काही समित्या दोन-चार वजनदार माणसांच्या हाती गेल्या आणि मासिक पासाची जागा सुट्या पैशांनी घेतली. सहभाग या नावाखाली पालिकेने देखभालीचा भार गरिबांवर टाकला, ही टीका त्यामुळे उगाच झाली नाही.

तरी एक गोष्ट सगळ्यांच्याच नजरेतून सुटली. वस्तीने घरे मोजली, माणसे मोजली, रांग मोजली. संडास धुणारा मात्र बहुधा बाहेरूनच आला आणि अनेकदा त्याच जुन्या जातींतून आला. 1993 मध्ये हाताने मैला वाहण्यास बंदी घालणारा कायदा झाला आणि कागदावर तरी टोपली गेली. पण गटारवाहिनी न पोहोचलेल्या वस्त्यांतली मलटाकी भरली की तिच्यात उतरायला बोलावले जाते ते अनेकदा हलालखोर खात्यात काम केलेल्यांच्या नातवंडांना.