गंजिफा : पाने उरली, खेळ गेला

खेळाचा इतिहास लिहिणारे लोक बहुधा त्याच्या जन्माचा शोध घेतात. अमुक खेळ कोणी आणला, कोणत्या राजाच्या दरबारी तो प्रथम मांडला गेला, हे ते मोठ्या आस्थेने सांगतात. परंतु खेळातील एखादा नियम, एखादी सोय, एखादी रीत केव्हा व का बंद पडली, याची नोंद क्वचितच कोणी ठेवतो. वास्तविक खेळाचे मरण एकाएकी येत नसते. आधी एक नियम गळतो, मग दुसरा. आणि अखेर साहित्य तेवढे उरते, खेळ उरत नाही. आपल्या सीमेलगतच्या सावंतवाडीच्या गंजिफेची कथा ही अशीच आहे, आणि पेडणे व डिचोली या महालांना ती परकी नाही.

हा विचार मनात येण्यास निमित्त मात्र अगदी आजच्या एका खेळाचे झाले. ‘पोकेमॉन गो’ या नावाचा चित्रविचित्र प्राणी गोळा करण्याचा खेळ जुलै 2016 मध्ये काही देशांत सुरू झाला. जवळपास दडलेला प्राणी किती दूर आहे, हे आरंभी खेळाडूस पाऊलखुणांवरून कळत असे. एक पाऊल दिसले तर प्राणी जवळ, तीन दिसली तर दूर. महिनाभरही लोटला नाही तोच ही सोय प्रथम बिघडली व मग काढूनच टाकण्यात आली. खेळाडूंनी पुष्कळ आरडाओरडा केला; पुढे निराळ्या पद्धतीची सोय आली, पण ती पावले परतली नाहीत. आपल्या देशात हा खेळ रीतसर आला तो डिसेंबर 2016 मध्ये. म्हणजे आमच्या मुलांच्या हाती तो पडला, तेव्हा त्याचा एक अवयव आधीच गळून गेलेला होता. त्याहून जुना ‘निओपेट्स’ हा 1999 साली सुरू झालेला खेळ. त्यातील पाळीव प्राण्यांची रूपे 2007 साली सरसकट बदलण्यात आली. आणि 2020 च्या अखेरीस ‘फ्लॅश’ ही संगणकीय प्रणाली बंद पडताच त्यातले कितीतरी छोटे खेळ मुके झाले. ज्यांनी बालपणी त्या प्राण्यांना दाणापाणी घातले होते, ते आज चाळिशीकडे झुकले असून हरवलेल्या गोष्टींच्या याद्या करीत बसतात. मोठ्यांना याचे हसू येईल. परंतु जो नियम आपण रोज पाळला, तो नाहीसा झाला म्हणजे त्यासोबत आपले काही गेले असे वाटणे, यात हसण्याजोगे काही नाही.

आता आपल्या घरच्या खेळाकडे वळू. दशावतारी गंजिफेच्या एका संचात पाने एकशेवीस. रंग दहा, दर रंगात बारा पाने : एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा. प्रत्येक रंग एका अवताराचा. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवे, परशुरामाच्या पानांवर परशू, रामाच्या पानांवर बाण, कल्कीच्या पानांवर तलवारी. पाने चौकोनी नव्हेत, वाटोळी. कापडाचे किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकमेकांस चिकटवावयाचे, त्यावर पांढरा लेप द्यावयाचा, दगडाने घोटावयाचे, रंगवावयाचे व शेवटी लाखेचा हात फिरवावयाचा, अशी त्यांची कृती. श्रीमंतांसाठी कडेने वेलबुट्टी काढलेली ‘दरबारी कलम’, तर सामान्यांसाठी साधी ‘बाजार कलम’, असे दोन प्रकार असत. एकाच खेळाला राजवाड्यातही जागा होती आणि ओसरीवरही, हे या दोन नावांवरून उघड होते.

गंजिफा मुळात आपली नव्हे. बाबराने 1527 साली सिंधच्या शाह हसनकडे गंजिफेचा संच पाठविल्याची नोंद त्याने स्वतःच आपल्या आत्मचरित्रात केली आहे. मोगली संचात रंग आठ व पाने शहाण्णव. ताज, शमशेर, गुलाम, चंग अशी त्या रंगांची नावे. अबुल फजलच्या ‘आईन-इ-अकबरी’त बारा रंगांच्या, एकशेचव्वेचाळीस पानांच्या एका थोर संचाचे वर्णन आहे. त्यात अश्वपती, गजपती, गढपती यांच्याबरोबर वनपती आणि अहिपतीही आहेत. म्हणजे वन्य पशूंचा एक राजा आणि सर्पांचा एक. अकबराने या खेळात स्वतः फेरफार केले, असेही अबुल फजल सांगतो. पुढे बारा रंगांचा तो संच मागे पडला आणि आठ रंगांचाच रूढ राहिला. म्हणजे नियम मागे घेण्याची परंपरा बादशाही काळापासूनची म्हणावयास हवी. उलट म्हैसूरच्या तिसऱ्या कृष्णराज वडेयरांनी एकोणिसाव्या शतकात तीनशेहून अधिक पानांपर्यंतचे संच कल्पिले. परंतु राजाच्या बुद्धीचा तो विलास राजवाड्याबाहेर फारसा रुजला नाही. खेळ वाढविणे राजाच्या हाती असते, पण तो जगविणे लोकांच्या हाती असते.

दशावताराचे रंग घेऊन गंजिफेने हिंदू घरांत प्रवेश केला, आणि दक्षिण कोकणात तिचे मोठे आश्रयस्थान झाले ते सावंतवाडी. तिसरे खेमसावंत (1755 ते 1803) यांच्या कारकीर्दीशी तिचा संबंध जोडला जातो. येथे आपल्या वाचकांनी क्षणभर थांबावे. ज्या खेमसावंतांच्या नावाशी गंजिफा निगडित आहे, त्यांच्याच काळात हे महाल सावंतवाडीपासून तुटले. डिचोली 1781 साली पोर्तुगीजांनी घेतली, सत्तरी त्याच्या पुढच्या वर्षी गेली, आणि कोल्हापूरकरांविरुद्ध मदत मिळावी म्हणून 1788 च्या तहाने पेडणे त्यांच्या हवाली झाले. तेरेखोलच्या दोन तीरांवर दोन सत्ता आल्या. भाषा, देव, सोयरीक व जत्रा मात्र दोहोंकडे एकच राहिल्या.

आता खेळाचे नियम पाहू; कारण येथेच खरी संपत्ती आहे. खेळणारे बहुधा तिघे. पाने वाटोळी असल्यामुळे ती पिसता येत नाहीत. कापडावर उपडी पसरून हाताने कालवावी लागतात. तिघांना चाळीस-चाळीस पाने येतात. हुकमाचा रंग असा नाही. ज्या रंगाचे पान टाकले, त्याच रंगाच्या वरच्या पानाने ते जिंकावयाचे. मौज पुढे आहे. पाच रंगांत राजा व प्रधान यांच्यामागून दश्शी थोर व एक्का सर्वांत हलका. उरलेल्या पाच रंगांत नेमके उलट, एक्का थोर व दश्शी हलकी. म्हणजे एकाच हातातील निम्मी पाने एका न्यायाने व निम्मी दुसऱ्या न्यायाने तोलावयाची. कोणते पान पडून गेले, कोणते अद्याप हातांत आहे, हे एकशेवीस पानांपुरते ध्यानात ठेवावयाचे. स्मरणशक्तीची अशी कसोटी आजच्या बावन्न पानांच्या खेळात नाही.

आणि सर्वांत सुंदर नियम आरंभाचा. खेळ दिवसा मांडला असेल तर ज्याच्या हाती राम, त्याने सुरुवात करावयाची. रात्री मांडला असेल तर ज्याच्या हाती कृष्ण, त्याने. राम सूर्यवंशी व कृष्ण चंद्रवंशी, हे त्यामागील सूत्र. मोगली संचातही हीच कल्पना सोनेरी व रुपेरी नाण्यांच्या रंगांतून दिसते. घरात तेलाचा दिवा मिणमिणत असे, तेव्हा दिवस कोठे संपला आणि रात्र कोठे सुरू झाली, हे प्रत्येकास अंगाने कळत होते. खेळ आकाशाकडे पाहून सुरू होत होता. ज्या घरात बटण दाबताच उजेड पडतो, तेथे हा नियम कोणी रद्द केला नाही. त्याचा अर्थच हळूहळू विझत गेला.

बाकीचे काम छापील पत्त्यांनी केले. हाताने रंगविलेल्या एकशेवीस पानांपुढे यंत्रावर छापलेली बावन्न पाने स्वस्त होती, लहान होती आणि शिकावयास सोपी होती. विसाव्या शतकाच्या मध्यास सावंतवाडीत गंजिफा करणारे हात जवळजवळ उरले नव्हते. त्या वेळी शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडून ही विद्या समजावून घेतली, स्वतः कुंचला हाती धरला आणि राजवाड्यातच तरुण कारागिरांना बसवून ती पुन्हा उभी केली. मुंबईत राहणारे रूडॉल्फ फॉन लायडन यांनी याच खेळाचा ध्यास घेऊन संच जमविले व 1982 साली भारतीय गंजिफेवर इंग्रजीत ग्रंथ प्रसिद्ध केला. या सर्वांचे ऋण मोठे आहे. परंतु एक गोष्ट कबूल केली पाहिजे. जगली ती कला; खेळ जगला नाही. आज गंजिफेचा संच भेट म्हणून दिला जातो, चौकटीत बसवून भिंतीवर लावला जातो. तो विकत घेणाऱ्या शंभरांपैकी किती जणांस एक्का केव्हा थोर व केव्हा हलका, हे सांगता येईल?

हीच गोष्ट आपल्या दशावतारी नाटकाचीही आहे. पेडणे महालातील जत्रांत रात्र जागविणाऱ्या या नाटकाच्या नावात दहा अवतार आहेत. रंगभूमीवर मात्र पूर्वरंगात संकासुराची वेद चोरण्याची कथा येते व विष्णू त्याचा वध करतो, म्हणजे एका मत्स्यावताराची तेवढी आठवण राहते. उरलेले नऊ अवतार नावात आहेत, खेळात नाहीत. त्यांची जागा पौराणिक आख्यानांनी घेतली आहे. तरीही दशावतार जिवंत आहे. कारण त्याचे नियम गळाले तरी तो खेळला जाणे थांबले नाही. तेरेखोल ओलांडून मंडळ्या आजही येतात, आणि बाल्यावस्थेत संकासुराला भ्यालेला मुलगा म्हातारपणी नातवाला मांडीवर घेऊन त्याच मांडवात बसतो. गंजिफेला हे भाग्य लाभले नाही.

या कथेला एक नवल वाटावे असा दुवा आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज जहाजे गोव्याहून मकावमार्गे जपानला जात. त्या खलाशांबरोबर युरोपी पत्ते तेथे गेले. पोर्तुगीज ‘कार्त’ या शब्दाचाच जपानी भाषेत ‘करुता’ झाला. जुगाराच्या भयाने तेथील सत्ताधाऱ्यांनी पत्त्यांवर वारंवार बंदी घातली. बंदी येताच लोकांनी नव्या चित्रांचे नवे पत्ते काढले. त्यांतूनच फुलांच्या चित्रांचे ‘हानाफुदा’ आले, आणि ते बनविण्यासाठी क्योतो येथे 1889 साली निंतेंदो नावाची पेढी निघाली. हीच पेढी पुढे यंत्रांवरील खेळांकडे वळली, आणि 1996 साली पोकेमॉनचे प्राणी प्रथम तिच्याच यंत्रावर अवतरले. गोव्याच्या बंदरातून गेलेली पाने चार शतकांनी आमच्या मुलांच्या तळहातावर प्राणी होऊन परत आली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल. पण अगदी खोटेही होणार नाही.

या दुव्यातून बोध निघतो तो असा. जपानात बंदी घालणारा सरकार होता व वाट शोधणारे लोक होते. म्हणून नियम मोडला की नवा खेळ जन्मास येई. आजच्या खेळात नियम मागे घेणारी एक कंपनी असते. तिने कळ फिरविली की सोय सर्वत्र एकाच रात्री नाहीशी होते. खेळाडूच्या हाती साहित्यही उरत नाही, उरते ती केवळ आठवण. गंजिफेचे याच्या अगदी विरुद्ध झाले. तिचा एकही नियम कोणी हुकूम काढून रद्द केला नाही. पाने आहेत, रंग आहेत, राजा-प्रधान आहेत. गेली ती खेळणाऱ्यांची आठवण. पहिल्या हानीवर खेळाडूंना इलाज नाही. दुसरीवर मात्र आहे, आणि तो आपल्याच हाती आहे.

म्हणून विनंती एवढीच की, ज्यांच्या घरी गंजिफेचा संच आहे, त्यांनी तो एकदा भिंतीवरून खाली उतरवावा. ज्यांच्या घरी वृद्ध मंडळी आहेत, त्यांनी या खेळाबद्दल त्यांना काही आठवते का ते विचारावे आणि आठवत असेल तर लिहून ठेवावे, मग ते मराठीत असो की कोंकणीत. आणि एखाद्या संध्याकाळी तिघांनी कापड पसरून बसावे. दिवेलागण झाली की नाही यावर प्रथम थोडा वाद होईल. तो अवश्य व्हावा, कारण राम आधी की कृष्ण आधी, हे ठरविण्यासाठी कोणी बाहेर अंगणात जाऊन आकाशाकडे पाहिले, तर निदान तेवढ्यापुरता तो नियम पुन्हा अमलात आला असे होईल.