दृक्तुल्यतेचा आग्रह : केशव व गणेश दैवज्ञ

भारतीय ज्योतिर्गणित केवळ ग्रंथप्रामाण्यावर चालत आले, असा समज पुष्कळांत आढळतो. कोकणातील नांदगावच्या केशव व गणेश या पितापुत्रांचे ग्रंथ पाहता तो टिकत नाही.

केशवाचा 'ग्रहकौतुक' हा करणग्रंथ शके १४१८ (इ. स. १४९६) मधील होय. दुर्बीण आकाशाकडे वळण्यास तेव्हा शतकाहून अधिक अवधी होता. ग्रहाची नक्षत्रतारेशी युती, दोन ग्रहांची युती आणि ग्रहांचे उदयास्त ही नुसत्या डोळ्यांना दिसणारी चिन्हे त्याने गणिताशी ताडून पाहिली. ब्राह्म, आर्य व सौर या तिन्ही पक्षांत त्यास अंतर आढळले. पुढील गणकांनीही असेच वेध घेऊन गणित सुधारावे, असे त्याने स्पष्ट सांगून ठेविले आहे.

गणेशाने शके १४४२ (इ. स. १५२०) हे आरंभवर्ष धरून 'ग्रहलाघव' रचिले. त्यात कोणताही एक पक्ष सर्वस्वी स्वीकारलेला नाही. रवी सौरपक्षाचा, गुरू आर्यपक्षाचा. चंद्र सौरपक्षाचा, परंतु नऊ कला उणा. शनी आर्यपक्षाचा, परंतु पाच अंश अधिक. पाच अंश म्हणजे चंद्रबिंबाच्या सुमारे दहापट अंतर. ते यंत्रावाचूनही लपणारे नव्हे. चंद्राच्या नऊ कलांनी मात्र ग्रहणाच्या वेळेत सुमारे पाऊण घटिकेचाच फरक पडतो. परंपरेची चौकट गणेशाने मोडली नाही. तिच्यातील पक्षांचा निवाडा मात्र दृष्टीकडे सोपविला.

या ग्रंथाच्या यशातच त्याचा विपर्यास दडलेला होता. ज्या-चापांचा खटाटोप टाळल्याने गणित अत्यंत सुलभ झाले व ग्रंथाचा प्रसार दूरवर झाला. आकाशाकडे एकदाही न पाहता वर्षाचे पंचांग सिद्ध करणे आता शक्य झाले. वेधांची परंपरा क्षीण होत गेली आणि अंतर पुन्हा साचत राहिले. केरो लक्ष्मण छत्रे यांनी इ. स. १८६० मध्ये 'ग्रहसाधनाची कोष्टके' प्रसिद्ध केली, ती युरोपीय वेधांवर उभारलेल्या गणिताच्या आधारे. तरीही ग्रहलाघवी पंचांगे परंपरेच्या नावाने पुढे चालूच राहिली.

ग्रंथातील अंक जपले गेले. ते अंक ज्या रीतीने मिळाले, ती रीत मात्र सुटली. केशवाचा उपदेश स्मरता, यांपैकी परंपरा कोणती म्हणावी, याचा निर्णय कठीण नाही.