गॅस संपला म्हणजे नेमका कुठे गेला?

‘एसी थंड करत नाही, गॅस संपलेला दिसतोय. तेवढा भरून द्या.’ मोटारींच्या वातानुकूलन यंत्रणा दुरुस्त करणाऱ्या गॅरेजात उन्हाळ्याच्या दिवसांत हे वाक्य सतत ऐकू येते. छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, मार्च संपता संपता ऊन चढू लागते आणि अशा गॅरेजांसमोर गाड्या उभ्या राहू लागतात. अशाच एका गॅरेजात आम्ही एका परिचितांच्या जुन्या काँटेसा गाडीबरोबर गेलो होतो. हिंदुस्थान मोटर्सने ही गाडी १९८४ साली बाजारात आणली आणि २००२ साली तिचे उत्पादन थांबले. आज ती हौसेने जपली जाते.

गाडीच्या मालकांनी वरचेच वाक्य उच्चारले. मिस्त्री हसून म्हणाले, ‘गॅस संपत नसतो साहेब, निघून जातो.’

बोलणे साधे होते, पण आम्हाला ते पुरते पटले. पेट्रोल जळते, म्हणून संपते. एसीतला गॅस जळत नाही. बंद नळ्यांमधून तो नुसता गोल फिरत राहतो. तो कमी झाला असेल, तर गळून बाहेर गेलेला असणार. मग तो गेला कुठे? जगाने हा प्रश्न गांभीर्याने विचारायला चाळीसहून अधिक वर्षे लावली. या लेखात त्या प्रश्नाचाच इतिहास पाहू.

माठ, पाणचक्की आणि मोटार

थंडावा मिळवण्याचे तत्त्व आपल्याला नवे नाही. द्रवाची वाफ होताना तो भोवतालची उष्णता शोषून घेतो. माठातले पाणी याच कारणाने गार होते. वाळ्याचे पडदे भिजवून दारात लावण्यामागे हेच तत्त्व होते, आणि मराठवाड्यात घरोघरी दिसणारा कूलरही त्यावरच चालतो.

संभाजीनगरची पाणचक्की पाहायला गेलात तर तिथल्या मोठ्या हौदाखाली उतरून पाहा. हौदाचा तळ हेच खालच्या प्रशस्त दालनाचे छप्पर आहे. डोक्यावर पाण्याचा मोठा साठा आहे आणि त्याच्या पृष्ठभागावरून सतत बाष्पीभवन होत असते, त्यामुळे भर उन्हाळ्यातही ते दालन गार राहते.

या साऱ्या उपायांत पाणी एकदा वाफ झाले की गेले, म्हणून माठ आणि कूलर पुन्हा पुन्हा भरावे लागतात. शिवाय पावसाळ्यात हवा दमट झाली की कूलर निकामी ठरतो. वाफ पकडून तिचे पुन्हा द्रवात रूपांतर केले आणि तोच द्रव फिरवत ठेवला तर? जेकब पर्किन्स यांनी १८३४ साली अशा यंत्राचे पेटंट घेतले. आजची मोटार असो की घरचा फ्रीज, रचना मूलतः तीच आहे. काँप्रेसर वायूला दाबतो, कंडेन्सरमध्ये तो उष्णता बाहेर टाकून द्रव होतो, एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून पुढे गेल्यावर त्याचा दाब एकदम उतरतो आणि कूलिंग कॉइलमध्ये त्याची वाफ होऊन भोवतालची हवा गार होते.

यासाठी पाणी चालत नाही. अगदी कमी तापमानाला उकळणारा द्रव लागतो. अशा द्रवाला आपण शीतक म्हणू. सुरुवातीची शीतके म्हणजे ईथर, अमोनिया, सल्फर डायऑक्साइड आणि मिथिल क्लोराइड. यांपैकी कोणी ज्वालाग्राही, कोणी विषारी, तर कोणी दोन्ही. बर्फाच्या कारखान्यात ती चालून जात, पण घरात गळती झाली तर माणसे दगावत.

एका बाटलीचा योग

१९२८ साली जनरल मोटर्स कंपनीने थॉमस मिजली या आपल्या संशोधकाकडे नवे शीतक शोधण्याचे काम सोपवले. कंपनीचा फ्रीजचाही व्यवसाय होता. मिजली आणि त्यांचे सहकारी आवर्तसारणी घेऊन बसले. सारणीत डावीकडून उजवीकडे जाताना संयुगांची ज्वलनशीलता कमी होत जाते आणि खालून वर येताना विषारीपणा कमी होतो, असे त्यांच्या लक्षात आले. दोन्ही दिशा उजव्या वरच्या कोपऱ्यात मिळतात, आणि तिथे होते फ्लोरीन. आवर्तसारणीचा इतका थेट उपयोग वर्गात सांगायला दुसरा क्वचितच सापडेल.

संयुग बनवण्यासाठी त्यांनी अँटिमनी ट्रायफ्लोराइडच्या पाच छोट्या बाटल्या मिळवल्या. पहिल्या बाटलीपासून बनवलेल्या वायूत गिनीपिग ठणठणीत राहिला. दुसऱ्या बाटलीच्या वायूने मात्र तो मेला. तपासाअंती कळले की पाचपैकी चार बाटल्यांतल्या रसायनात भेसळ होती आणि तिच्यामुळे फॉस्जीन हा विषारी वायू तयार होत होता. शुद्ध बाटली नेमकी पहिल्यांदा हाती लागली होती. तसे झाले नसते तर आपण बहुधा हा नाद सोडून दिला असता, असे मिजली यांनीच पुढे लिहिले.

तयार झालेल्या संयुगाच्या रेणूत एक कार्बन, दोन क्लोरीन आणि दोन फ्लोरीन अणू होते. ते उणे ३० अंश सेल्सिअसच्या आसपास उकळते. १९३० साली अमेरिकन केमिकल सोसायटीच्या सभेत मिजली यांनी हा वायू छातीत भरून घेतला आणि एका जळत्या मेणबत्तीवर सोडला. मेणबत्ती विझली आणि मिजली धडधाकट उभे राहिले. वायू विषारी नाही आणि पेटतही नाही, हे एका श्वासात सिद्ध झाले. व्यापारात त्याला फ्रीऑन-१२ हे नाव मिळाले. गॅरेजात तो आर-१२ म्हणून ओळखला जातो. क्लोरोफ्लुरोकार्बन, म्हणजे सीएफसी, या कुटुंबातला हा वायू.

गळणारे यंत्र

मोटारीत कारखान्यातूनच बसवलेला एसी प्रथम दिला पॅकार्ड कंपनीने, १९४० च्या मॉडेलमध्ये. त्याची कूलिंग कॉइल डिकीत असे. काँप्रेसरला क्लच नव्हता, त्यामुळे एसी बंद करायचा तर इंजिन थांबवून, बॉनेट उघडून पट्टा काढावा लागे. १९५४ साली नॅश कंपनीने गरम आणि थंड हवेची यंत्रणा एकत्र करून ती गाडीच्या पुढच्या भागात बसवली. त्यानंतर मोटारीतला एसी झपाट्याने पसरला.

घरचा फ्रीज वीस-वीस वर्षे गॅस न भरता चालतो, मग मोटारीतला एसीच का गळतो? फ्रीजमध्ये मोटर आणि काँप्रेसर एकाच लोखंडी डब्यात झाळून बंद केलेले असतात. मोटारीत मात्र काँप्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो, म्हणून त्याचा दांडा बाहेर काढावा लागतो आणि दांड्याभोवतीचे सील झिजते. इंजिन सतत थरथरते. त्यामुळे नळ्या रबरी ठेवाव्या लागतात आणि जोडांमध्ये ओ-रिंग बसवाव्या लागतात. रबराच्या भिंतीतूनही वायूचे रेणू हळूहळू झिरपतात. म्हणून ‘दर उन्हाळ्यात गॅस भरणे’ हा मोटारीच्या देखभालीचाच भाग होऊन बसला.

त्या काळची दुरुस्तीची रीतही तशीच होती. जुना गॅस हवेत सोडून द्यायचा, नळीतली हवा घालवायला आणखी थोडा गॅस सोडायचा आणि नवा भरायचा. गळती शोधायला साबणाचा फेस लावत. दुसरे साधन होते हॅलाइड टॉर्च. या दिव्याच्या ज्योतीत तांब्याची चकती तापलेली असे. क्लोरीन असलेला वायू तिथे पोचला की ज्योत हिरवी होई. हा दिवा आर-१२ मधले क्लोरीनच दाखवत होता. त्या क्लोरीनचे महत्त्व मात्र कोणाच्याच ध्यानात आले नव्हते. वायू विषारी नव्हता, पेटत नव्हता, त्याला वासही जवळपास नव्हता. मग तो सोडून द्यायला कोण कचरणार?

प्रश्न विचारणारे तिघे

१९७१ साली जेम्स लव्हलॉक हे ब्रिटिश शास्त्रज्ञ स्वतः बनवलेले अतिसंवेदनशील उपकरण घेऊन जहाजाने अंटार्क्टिकाच्या दिशेने निघाले. वाटेत सगळीकडे, मानवी वस्तीपासून दूर भर समुद्रातही, त्यांना हवेत सीएफसी सापडले. प्रमाण अगदी अल्प होते, हवेच्या एक लाख कोटी भागांत पन्नासएक भाग. यात धोका नाही, असेच तेव्हा त्यांना वाटले.

कॅलिफोर्नियातले शेरवुड रोलंड यांनी या आकड्यांकडे वेगळ्या नजरेने पाहिले. तयार झालेले सीएफसी जवळजवळ सगळेच हवेत शिल्लक दिसते, मग शेवटी त्याचे होते काय? त्यांनी आणि मारिओ मोलिना यांनी १९७४ साली उत्तर मांडले. हा वायू पाण्यात विरघळत नाही, म्हणून पाऊस त्याला धुऊन काढत नाही. कशाशी त्याची अभिक्रिया होत नाही, म्हणून खालच्या हवेत तो टिकून राहतो. वर्षानुवर्षे तरंगत तो ओझोनच्या थरापर्यंत पोचतो. तिथले तीव्र अतिनील किरण त्याचा रेणू फोडतात आणि क्लोरीनचा अणू मोकळा होतो. हा अणू ओझोनचा रेणू मोडतो, पण स्वतः खर्ची पडत नाही. एकेक अणू हजारो ओझोन रेणूंचा नाश करतो.

ज्या स्थिरपणामुळे मिजली यांचा वायू घरात निर्धोक ठरला, त्याच स्थिरपणामुळे तो ओझोनपर्यंत शाबूत पोचत होता. उत्पादकांनी सुरुवातीला हे मानले नाही. १९८५ साली फारमन, गार्डिनर आणि शँकलिन यांनी अंटार्क्टिकावरच्या ओझोनची घट प्रसिद्ध केली आणि १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियल करार झाला. मोलिना, रोलंड आणि पॉल क्रुट्झन यांना १९९५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्या वाट्याचे काम

सीएफसी मुख्यतः श्रीमंत देशांनी वापरले होते. मग ते सोडण्याचा खर्च गरीब देशांनी का सोसावा? भारताने हा प्रश्न लावून धरला. १९९० साली लंडनला करारात सुधारणा होऊन विकसनशील देशांसाठी निधीची तरतूद झाली आणि १९९२ साली भारत करारात सामील झाला. २००० सालच्या नियमांनी नव्या यंत्रांत सीएफसी वापरण्यावर मुदती घातल्या. १ ऑगस्ट २००८ पासून, दम्याच्या औषधी फवाऱ्यांचा अपवाद सोडता, देशात सीएफसीचे उत्पादन थांबले. मुदत २०१० ची होती, म्हणजे काम आधीच पुरे झाले.

कारखाने मोजके असतात, ते बंद करता येतात. पण गॅरेजे हजारो, आणि जुन्या गाड्यांच्या पोटात आर-१२ शिल्लक. मिस्त्रींना नवी रीत शिकवण्यासाठी देशभर प्रशिक्षणे घ्यावी लागली. नवा गॅस होता आर-१३४ए. त्यात क्लोरीन नाही, म्हणून ओझोनला त्याचा धोका नाही.

आमच्यासमोरच्या काँटेसात हाच बदल करायचा होता. नुसता गॅस बदलून भागत नाही. आर-१२ बरोबर फिरणारे खनिज तेल आर-१३४ए मध्ये मिसळत नाही, त्यामुळे काँप्रेसर कोरडा पडून बिघडू शकतो. म्हणून जुने तेल काढून एस्टर जातीचे तेल घालावे लागते. ओ-रिंग आणि जुने होज बदलावे लागतात. ओलावा शोषणारी ड्रायरची बाटली नवी बसवावी लागते. गॅस भरण्याची तोंडेही वेगळी असतात. दोन गॅस चुकूनही मिसळू नयेत, म्हणून ती मुद्दामच वेगळी ठेवली आहेत. आणि जुना हॅलाइड टॉर्च इथे उपयोगी पडत नाही, कारण ज्योत हिरवी करायला क्लोरीनच नाही.

मिस्त्रींनी आधी रिकव्हरी मशीन लावून उरलासुरला आर-१२ एका सिलिंडरमध्ये ओढून घेतला. दुरुस्ती झाल्यावर व्हॅक्यूम पंप सुरू केला. गेजचा काटा २८ इंचांच्या आसपास थांबला. मालक म्हणाले, ‘पुस्तकात तर ३० लिहिलंय.’ मिस्त्री म्हणाले, ‘इथं एवढंच येतं. मुंबईला जास्त येतं.’ त्यांचे म्हणणे अचूक होते. हे गेज बाहेरच्या हवेच्या दाबाच्या तुलनेत मोजते. समुद्रसपाटीला हवेचा दाब पाऱ्याच्या सुमारे ३० इंचांइतका असतो. आपले शहर सुमारे ५७० मीटर उंचीवर आहे आणि इथे तो जेमतेम २८ इंच भरतो. त्याहून अधिक पोकळी गेज दाखवणार कशी? या पोकळीत नळ्यांतले पाणी साध्या तापमानालाच उकळून निघून जाते. यंत्रणा कोरडी करण्याची युक्ती ती हीच. टॉरिसेलीचा प्रयोग फळ्यावर काढताना हे गेज मुलांना जरूर सांगावे.

एक किलोचा हिशोब

आर-१३४ए हाही अखेरचा मुक्काम नव्हे. ओझोनला तो सोसतो, पण उष्णता अडवून धरण्यात तो जबर आहे. शंभर वर्षांचा हिशोब धरला तर १ किलो आर-१३४ए हवेत सोडणे म्हणजे १,४३० किलो कार्बन डायऑक्साइड सोडणे. आर-१२ साठी हाच आकडा १०,९०० किलो आहे. एक लिटर पेट्रोल जाळल्यावर सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे जुन्या गाडीतला किलोभर आर-१२ सोडून देणे हे सुमारे ४,७०० लिटर पेट्रोल जाळण्यासारखे झाले. लिटरला दहा किलोमीटर धरले तर ४७,००० किलोमीटरचा प्रवास, तोही दोन मिनिटांत, गाडी जागेवर उभी असताना! हे गणित मुलांना स्वतः करू द्यावे.

२०१६ च्या किगाली सुधारणेने आर-१३४ए सारख्या वायूंचा वापरही टप्प्याटप्प्याने कमी करायचे ठरले. भारताने २०२१ साली तिला मान्यता दिली. नवे वायू येत आहेत, पण काही थोडेफार पेटणारे आहेत. मिजली यांनी आटोक्यात आणलेला जुना प्रश्न पुन्हा दारात उभा आहे.

ओझोनचा थर मात्र सावरतो आहे. अंटार्क्टिकावर तो १९८० च्या पातळीला साधारण २०६६ च्या सुमारास येईल, असा २०२२ च्या आंतरराष्ट्रीय अहवालाचा अंदाज आहे. मेणबत्तीच्या त्या प्रयोगानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी! आज आपल्या वर्गात बसलेली मुले तोवर पन्नाशी ओलांडलेली असतील.

निघताना मिस्त्रींनी आर-१२ चा सिलिंडर वजनकाट्यावर ठेवला, आकडा खडूने त्यावर लिहिला आणि तो कोपऱ्यात नेऊन ठेवला. तो हवेत सोडून दिला असता तरी कोणाला कळले नसते. मुलांना बाष्पीभवन शिकवताना माठाचे उदाहरण आपण देतोच. त्याच्या जोडीला हा सिलिंडरही सांगू या, आणि एखादी गोष्ट ‘संपली’ असे कोणी म्हणाले की ‘मग ती गेली कुठे?’ असे विचारायची सवय त्यांना लावू या.