काळी जमीन : क्षारयुक्त की चोपण?

महाराष्ट्राच्या पठारावरील काळी माती बेसॉल्ट खडकाच्या विदारणातून तयार झाली आहे. तिच्यात ०.००२ मिलिमीटरपेक्षा लहान असे चिकणमातीचे कण विपुल असतात. त्यांतील मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज ओलाव्याने फुगते आणि वाळल्यावर आकसते. उन्हाळ्यात जमिनीला पडणाऱ्या भेगांचे कारण हेच. ही माती ओल दीर्घकाळ धरून ठेवते. त्यामुळे कोरडवाहू कापूस व रब्बी ज्वारी तिच्यात साधते. मात्र निचरा मंद असल्याने हाच गुण बारमाही सिंचनाखाली दोष ठरतो.

कृष्णाकाठच्या सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांतील ऊसपट्ट्यात हे प्रकर्षाने दिसते. अतिरिक्त पाण्याने भूजलपातळी वर येते, केशाकर्षणाने क्षार पृष्ठभागाकडे चढतात आणि बाष्पीभवनानंतर तेथेच साचतात. अशा जमिनींचे निदान सामू, विद्युतवाहकता आणि विनिमययोग्य सोडियम या तीन मापांवर होते.

क्षारयुक्त जमीन : विद्युतवाहकता ४ डेसिसायमन प्रति मीटरहून अधिक, सामू ८.५ पेक्षा कमी, सोडियम १५ टक्क्यांहून कमी. पृष्ठभागावर पांढरा थर दिसतो. चर किंवा भूमिगत सच्छिद्र पाइपांची सोय करून चांगल्या पाण्याने क्षार धुऊन काढता येतात.

चोपण जमीन : विद्युतवाहकता ४ पेक्षा कमी, सामू ८.५ हून अधिक, सोडियम १५ टक्क्यांहून जास्त. सोडियममुळे मातीचे कण विलग होऊन छिद्रे बुजतात. पाणी मुरत नाही, वाफसा येत नाही. येथे प्रथम जिप्सम द्यावे लागते. त्यातील कॅल्शियम सोडियमची जागा घेते व सुटलेला सोडियम निचऱ्यावाटे बाहेर जातो. ताग, धैंचा यांसारखी हिरवळीची पिके गाडल्यास मातीची घडण सुधारते.

क्षारयुक्त-चोपण जमीन : क्षार व सोडियम दोन्ही अधिक. पांढऱ्या थरामुळे ती केवळ क्षारयुक्त समजून नुसत्या पाण्याने धुतल्यास क्षार निघून जातात, सोडियम मात्र राहतो आणि जमीन पूर्ण चोपण बनते.

२०१५ साली सुरू झालेल्या मृद आरोग्य पत्रिकेतील बारा घटकांत सामू व विद्युतवाहकता यांचा समावेश आहे; विनिमययोग्य सोडियमचा नाही. त्यामुळे पाणथळ काळ्या जमिनीवर उपाय योजण्यापूर्वी ही तपासणी प्रयोगशाळेतून स्वतंत्रपणे करून घेणे आवश्यक ठरते.