पेट्रोलचे ट्रक आणि बंगळूरची हवा

बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर आहे आणि तिथली हवा किनाऱ्यावरच्या हवेपेक्षा आठ-नऊ टक्के विरळ असते. माणसाला हा फरक जाणवत नाही, कार्बोरेटरला जाणवतो. कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून, म्हणजे व्हेंच्युरीतून, हवा वेगाने जाते, तिथला दाब उतरतो आणि जेटमधून, म्हणजे मापाच्या बारीक छिद्रातून, पेट्रोल ओढले जाते. हवा विरळ झाली की आत जाणाऱ्या हवेचे वजन त्याच प्रमाणात घटते. पेट्रोल मात्र त्या प्रमाणाच्या वर्गमुळाइतकेच घटते. त्यामुळे मुंबईत किंवा मद्रासला नीट जुळवलेला ट्रक बंगळुरात पोचला, की त्याचे मिश्रण साधारण साडेचार टक्क्यांनी दाट होते. प्लग काळे पडतात, धूर येतो, पेट्रोल वाया जाते. विरळ हवेमुळे घटलेली ताकद कोणताही जेट परत देऊ शकत नाही. वाया जाणारे पेट्रोल मात्र वाचवता येते.

पेट्रोलचे ट्रक या शहरात बंदरांवरून आले. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला जोडणीचा कारखाना काढला आणि जहाजातून आलेल्या सुट्या भागांपासून शेवरोलेची वाहने तिथे उभी राहू लागली. वाहने देशातच बनवावीत हा विचार सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी १९३०च्या दशकात लावून धरला आणि त्यासाठी ते परदेशातले कारखाने पाहून आले. उद्योगपती वालचंद हिराचंद या कामात उतरले. मात्र युद्धकाळात ब्रिटिश सरकारने मोटार कारखान्याला साथ दिली नाही. त्याऐवजी डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर सरकारच्या भागीदारीत बंगळुरात वालचंदांची हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी उभी राहिली, आणि मोटारींसाठीची प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ मध्ये मुंबईत. कुर्ल्याहून डॉजचे पेट्रोल ट्रक निघू लागले. मोटारींचा कारखाना बंगळुरात असता तर इंजिने याच हवेत जुळवून बाहेर पडली असती, ही रुखरुख साधी नाही.

युद्धात पेट्रोलवर नियंत्रण आले आणि देशभर बसगाड्यांच्या व ट्रकच्या पाठीमागे कोळशाच्या भट्ट्या दिसू लागल्या. लाकडी कोळशाचा गॅस गाळून, थंड करून इंजिनात सोडायचा. कार्बोरेटर काढायचा नाही, कारण गाडी आधी पेट्रोलवर सुरू करून मग गॅसवर घ्यावी लागे. ताकद चाळीस टक्क्यांच्या आसपास उतरे. गॅस सावकाश जळतो म्हणून ठिणगी लवकर पाडावी लागे, आणि गाळणी कमी पडली तर राख सिलिंडर झिजवी.

युद्ध संपल्यावर लष्करी वाहने विक्रीला निघाली आणि निरनिराळ्या घराण्यांची इंजिने रस्त्यावर एकत्र आली. शेवरोलेच्या २१६ घनइंची, म्हणजे साडेतीन लिटरच्या, सहा सिलिंडर इंजिनावर एका नळीचा कार्टर डब्ल्यू-१ कार्बोरेटर असे. फोर्डच्या व्ही-८ वर दोन नळ्यांचे कार्बोरेटर असत. त्यांतल्या ‘९७’ आणि ‘९४’ या प्रसिद्ध नमुन्यांचे आकडे म्हणजे व्हेंच्युरीचा व्यास, अनुक्रमे ०.९७ आणि ०.९४ इंच. मूळ कार्बोरेटर झिजला की दुसरा कोणता बसवायचा, हा खरा प्रश्न इथे सुरू होतो.

त्याचे उत्तर हिशेबात आहे. चार स्ट्रोकचे इंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपल्या आकारमानाएवढी हवा घेते. साडेतीन लिटरचे इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर ५,२५० लिटर हवा मागते. सिलिंडर प्रत्यक्षात ऐंशी टक्केच भरतात असे धरले तर ४,२०० लिटर. याहून फार मोठा कार्बोरेटर ट्रकला घातकच ठरतो. भरलेला ट्रक चढावर कमी फेऱ्यांवर ओढत असतो. गळा रुंद असेल तर हवेचा वेग पडतो, पेट्रोलचे बारीक तुषार होत नाहीत आणि ॲक्सिलरेटर दाबताच इंजिन अडखळते. मालवाहतुकीला लहान गळाच उपकारक.

जुळवणीचा क्रम पाळलाच पाहिजे: आधी व्हॉल्व्हचे अंतर, प्लग, पॉइंट आणि टायमिंग, मग कार्बोरेटरच्या वाटीतल्या फ्लोटची पातळी, आणि शेवटी जेट. ठिणगीतला दोष जेट बदलून लपवणारा मेकॅनिक गिऱ्हाइकाला दोनदा खर्चात पाडतो. सोलेक्स आणि झेनिथ कार्बोरेटरांच्या जेटवरचा आकडा छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शतांशांत सांगतो. किनाऱ्यावर १२० चालत असेल तर बंगळुरात ११७.५ पुरतो. कार्टर डब्ल्यू-१ मध्ये जेट तोच ठेवून त्याच्या छिद्रातला मीटरिंग रॉड किंचित जाड घालतात. व्हॅक्यूम गेजचा काटा इथे किनाऱ्यापेक्षा सुमारे तीन इंच खाली राहतो. हे ठाऊक नसेल तर निरोगी इंजिनही झिजलेले ठरवून उघडले जाते.

ही विद्या ट्रकांपुरती फार काळ टिकली नाही. १९५४ मध्ये टाटांच्या टेल्कोचे मर्सिडीज-बेंझ डिझेल ट्रक आले, तर जुन्या पेट्रोल ट्रकांत पर्किन्स पी-६ हे डिझेल इंजिन बसवले जाऊ लागले. डिझेल इंजिनाला कार्बोरेटर नसतो, इंधन पंप असतो. आणि तो पंप बंगळुरातच, १९५१ मध्ये स्थापन झालेल्या मायको कंपनीत, बॉशच्या तंत्रज्ञानाने बनू लागला. जेटऐवजी पंपाचे कॅलिब्रेशन हा नवा धंदा झाला. जे. सी. रोडवरचा सुट्या भागांचा बाजार आणि शिवाजीनगरची गुजरी मात्र राहिली, आणि जुनी पेट्रोल वाहने जपणारे शौकीनही.

त्यांच्यापुढे आता वेगळा हिशेब आहे. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल बंगळुरातच जाहीरपणे विक्रीला आले. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्याने या इंधनाला कमी हवा पुरते आणि जुन्या जेटवर मिश्रण सात-आठ टक्क्यांनी पातळ होते. विरळ हवेने आलेला साडेचार टक्क्यांचा दाटपणा त्यातला बराच भाग भरून काढतो, म्हणून किनाऱ्यासाठी नेमलेला मूळ जेट बंगळुरात आज पुन्हा जवळपास योग्य ठरतो. उरलेली उणीव एका पायरीने मोठा जेट घालून भागते. पंपाचा डायफ्रॅम, रबरी नळ्या आणि गॅस्केट मात्र इथेनॉल सोसणाऱ्या मालाचेच घ्यावे लागतात, आणि गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकी व फ्लोटची वाटी रिकामी करून ठेवावी लागते, कारण इथेनॉल हवेतले पाणी शोषते आणि त्याने जस्ताच्या ओतकामाला आतून गंज धरतो.